विहिरीत कोण उतरणार

माणसाच्या श्रमाचं मोल घामावरून ठरतं, असं शाळेत शिकवतात. पाराग्वेतल्या आमच्या गावात ते पक्षाच्या लाल रुमालावरून ठरायचं, आणि ही पद्धत जास्त सोयीची होती. घाम वाळतो, रुमाल दिसत राहतो.

एकतीस वर्षं नगरपालिकेची पगारपत्रकं मीच लिहिली. सभासदाला पूर्ण पगार, बाकीच्यांना अर्धा. सभासदत्व जुनं तितकी बढती लवकर; म्हणून शहाणे आईबाप बाप्तिस्म्याच्या आधीच बाळाची वर्गणी भरत. (माझ्या वडिलांनी तर जन्माआधीच भरली, मुलगा समजून. पक्षाच्या दप्तरात मी अजून रामोन आहे.)

पाणीखात्यात अकरा माणसं होती. दहा सभासद, आणि क्रिस्पिन. पंप बिघडला की क्रिस्पिन विहिरीत उतरायचा. दहाजण काठावर बसून, शिंगाच्या पेल्यातला गार माते, म्हणजे आमच्याकडचा पाल्याचा चहा, आळीपाळीने ओढत, त्याच्यावर देखरेख करायचे. देखरेख जोखमीची, म्हणून पगार दुप्पट.

पुढे त्याच्या पोरीला, निल्दाला, राजधानीत नर्सिंगला प्रवेश मिळाला. अर्ध्या पगारात ती बसस्टँडपर्यंतच पोचली असती.

"बाई, तो पक्षाचा फॉर्म द्या."

"तुझे वडील म्हणायचे, मेलो तरी रुमाल बांधणार नाही."

"ते मेले, आणि नाही बांधला. त्यांचा शब्द राहिला. आता पोरीचं बघू दे."

सेक्रेटरी आतानासियोंनी स्वतःच्या हाताने रुमाल बांधला. पगार दुप्पट झाला, निल्दा गेली.

तीन आठवड्यांनी पंप बंद पडला. अकराही जण काठावर बसले.

"उतर की रे," सेक्रेटरी म्हणाले.

"मी देखरेखीला आहे, साहेब. सभासद कधी उतरलाय का? बाईंना विचारा."

मी सगळी पत्रकं चाळली. त्याचं बरोबर होतं. कोणीतरी शिंग त्याच्याकडे सरकवलं.

नऊ दिवस गावाने नदीचं पाणी प्यायलं. मग पालिकेने रीतसर ठराव करून नदीच्या पलीकडच्या काठावरून एक माणूस आणला, अर्ध्या पगारावर. संध्याकाळपर्यंत नळ वाहू लागले.

माझी स्मरणशक्ती अजून चांगली आहे. क्रिस्पिनच्या वडिलांची टोपी आठवते, त्या शिंगाला गेलेला तडा आठवतो. नदीपलीकडून आलेल्या या माणसाचं नाव मात्र, दर महिन्याला मीच लिहीत असूनही, काही केल्या आठवत नाही.

तुमच्याही नळाला पाणी येतं. तुमच्याकडे जो उतरतो, त्याचं नाव तुम्हाला अर्थातच ठाऊक असेल.