दिनूमामांची साफसफाई

आमच्या शेजारच्या दिनूमामांच्या हातात साफ करायला काही देऊ नये. माझ्या फाटकाचं कुलूप त्यांनी एकदा रॉकेलनं इतकं स्वच्छ केलं की आता ते माझ्या स्कूटरच्या किल्लीनंही उघडतं. तक्रार केली तर म्हणाले, "मग बरंच झालं की. एक किल्ली कमी सांभाळायची."

मामांनी कागलच्या एमआयडीसीत उभा जन्म लेथ चालवली. ते निवृत्त झाले, पण शर्टाच्या खिशातला मापाचा व्हर्नियर काही निवृत्त झाला नाही. त्यानं ते भाकरी मोजतात, कढीपत्त्याचं खोड मोजतात, आणि माझ्याकडे चहाला आले की बशीतलं बिस्कीट मोजून सांगतात, "सूतभर पातळ झालंय, मास्तरीणबाई." मी संगणकाचे क्लास घेते, म्हणून मी मास्तरीणबाई. जगात जे काही बिघडतं ते त्यांच्या मते एकाच कारणानं: "कचरा ऱ्हायला की मशीन बोंबललं."

खंडेनवमीला अवजारांची पूजा असते, त्यामुळे आदल्या दिवशी मामांच्या घरातलं सगळं खोललेलं असतं. यंदा त्यांनी संगणकही धरला. बाहेरून ब्रश मारला, आतली धूळ फुंकली, आणि तरी समाधान होईना म्हणून फायलींना हात घातला.

खंडेनवमीच्या दुपारी सव्वातीनला त्यांनी दारातून हाक मारली, "मास्तरीणबाई, जरा या की." आवाज हळू होता. हा माणूस कुजबुजतो म्हणजे मोठंच काहीतरी बिनसलंय, हे ओळखून मी निवडत होते ती मेथी तशीच टाकून गेले.

संगणकाला झेंडूची माळ, हळदीकुंकवाची बोटं, समोर उदबत्ती. आणि पडद्यावर एकच ओळ: सेटिंगची फाइल रिकामी आहे.

त्या संगणकात जपावी अशी एकच गोष्ट होती. जुन्या व्हिडिओ पार्लरमधला कुस्तीचा खेळ. मामांच्या भाच्यानं तो बसवून दिला होता. दोन वर्षांपूर्वी शालनमामींचं, म्हणजे मामांच्या बायकोचं, उजवं अंग लुळं पडलं. बोटं हलती ठेवा म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, तो मामींनी डाव्या हातानं मामांनाच फेकून मारला. पण हा खेळ आला आणि उजवी बोटं हळूहळू उठायला लागली. रोज चार वाजता दोघांची कुस्ती. रोज मामी जिंकतात, आणि मामा कट्ट्यावर येऊन गल्लीला ऐकू जाईल असं सांगतात, "आज बी पाठ लागली माझी." आम्ही सगळे त्यांची टिंगल करतो. मीही करते.

उन्हाळ्यात एकदा एक बटण अडकलं होतं. दाबूनही पैलवान हलेना, तेव्हा मामींना वाटलं आपलं बोटच पुन्हा गेलं. दहा दिवस त्यांनी तो हात पदराखालून बाहेर काढला नव्हता. आता तर खेळाची फाइलच रिकामी होती, एकही बटण चालणार नव्हतं.

"काय केलंत नेमकं?" मी विचारलं.

"एक फाइल उघडली. आत नुसतं इंग्रजी बरबटलेलं, अर्थ न्हाय काय न्हाय. म्हटलं कचरा हाय. पुसला."

भाचा कंपनीत पाळीवर होता, फोन लॉकरमध्ये. मामी आतल्या खोलीत झोपल्या होत्या आणि पावणेचारला उठायच्या. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. शिकवते खरी, पण असला खेळ मी जन्मात उघडला नव्हता. मदतीची पानं वाचता वाचता वीस मिनिटं गेली, तेव्हा उलगडलं. घरात डबाच नसला तर माणूस नवा आणतो. रिकामा डबा फडताळात दिसला की आहे म्हणून गप्प बसतो. खेळाचंही तसंच झालं होतं. रिकामी फाइल काढून टाकली तर तो स्वतःच नवी बनवणार होता.

मी ती पुसायला गेले तर मामांनी माझं मनगट धरलं.

"अजून पुसायचं? एकदा पुसून काय झालं ते बगितलं न्हवं?"

"मामा, सोडा. वेळ नाही."

त्यांनी सोडलं. मी फाइल पुसली, खेळ सुरू केला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. आत मामींची काठी टेकल्याचा आवाज आला. मामांनी उदबत्तीकडे बघून हात जोडले, आणि खरं सांगते, मीही जोडले.

मग दोन पैलवान समोर येऊन उभे राहिले.

पण बटणं खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या मनाची होती, मामींच्या बोटांना न पोचणारी. मामा न बघता सांगू लागले: जे डावीकडं, के उजवीकडं, एल पकड, अंगठ्याखालचं लांब बटण उचल. मामींचं कुठलं बोट किती लांब जातं ते त्यांनी व्हर्नियरनं मोजून ठेवलं होतं.

"आता तुमची सांगा."

"ए आणि डी, मागं-पुढं. एस उचल."

"आणि पकड? इथं डब्ल्यू आलंय."

मामांनी आतल्या दाराकडे बघितलं. काठी दाराशी आली होती.

"तेवढं पुसा," ते हळूच म्हणाले. "माझी पकड मोकळीच असतीया."

पकड नसली तर या खेळात समोरच्याला पाडताच येत नाही. जवळजवळ दोन वर्षं हा माणूस रोज चार वाजता रिकाम्या हातानं आखाड्यात उतरत होता आणि आमची टिंगल ऐकत होता. मी तेवढी जागा पुसली आणि उठले.

मामी येऊन बसल्या, माझ्याकडे बघून हसल्या. उजवा हात डाव्या हातानं उचलून त्यांनी बटणांवर ठेवला. मधलं बोट हललं, आणि त्यांचा पैलवान पुढे सरकला. मामांनी तेव्हा कुठे श्वास सोडला.

साडेचारला ते कट्ट्यावर आले. "आज बी पाठ लागली," त्यांनी गल्लीला सांगितलं. समोरच्या घरातून कुणीतरी हसलं. मग ते माझ्याकडे बघत राहिले. मी काय म्हणते याची वाट बघत होते.

"मामा," मी रोजच्यासारखंच मोठ्यानं म्हटलं, "जरा सराव वाढवा की."