सुहासिनीबाईंचं सहावं वल्हं

जगातले बहुतेक शोध काळजीतून लागतात, आणि काळजी शिक्षणातून येते. न शिकलेल्या आयांच्या नावावर एकही शोध नाही. त्या पोरांच्या हाती डबा देतात आणि कामाला लागतात.

सुहासिनीबाई बी.एस्सी. होत्या (पदार्थविज्ञान, पहिला वर्ग थोडक्यात हुकला). यजमान नीळकंठराव पाटबंधारे खात्यात कारकून. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती आणि चिखली तालुक्यातल्या त्यांच्या गावाला एक तलाव मिळाला होता. तलावात शाळेची वाट बुडाली, म्हणून होडी मिळाली. होडी गावात कुणी पाहिलेली नव्हती. तेव्हा शेतात वखर सर्वांत सरळ हाकणाऱ्या निवृत्तीची नावाडी म्हणून नेमणूक झाली.

एकोणीस मुलं रोज होडीनं शाळेत जात. विसावी, बाईंची पाच वर्षांची शरयू, पटावर नाव असूनही घरी होती. पलीकडे पोचायला अकरा मिनिटं लागत, आणि अकरा मिनिटांत काय काय होऊ शकतं याची बाईंनी बत्तीस कलमी यादी केली होती. (कलम सतरा : मगर. तलावात मगर नव्हती हे खरं, पण दोन वर्षांपूर्वी तलाव तरी कुठं होता?)

वेळ कमी, तर धोका कमी. वेळ कमी करायचा, तर वल्ह्याचं पातं सुधारायला हवं. जानराव सुतारांनी पहिलं पातं पोळपाटाएवढं केलं. दहा मिनिटं लागली. मग दुप्पट पात्याला पाच, चौपटीला अडीच; गणित स्वच्छ होतं. दुसरं पातं सुपाएवढं झालं.

"बाई, वखराची पास, म्हंजे त्याचं पातं, रुंद केली तं बैल बसते," निवृत्ती म्हणाला. "इथं तं बैल मीच हाय."

हे मत अशास्त्रीय म्हणून वहीत नोंदवण्यात आलं. होडीला तेरा मिनिटं लागली, निवृत्तीच्या खांद्याला चार दिवस.

तिसरं पातं उलथन्यासारखं अरुंद : पाणी छान कापलं गेलं, होडी जागेवर. चौथ्याला झाऱ्यासारखी भोकं (पाण्याचा विरोध कमी व्हावा म्हणून, तो पूर्णच गेला). पाचव्या प्रयोगात डावं पातं मोठं, उजवं लहान, कारण निवृत्तीचा उजवा हात जोरकस. होडी गोल फिरली. मुलांनी अजून एक फेरी मागितली.

शेजारच्या तानुबाईंची तीन पोरं त्या फेरीत होती.

"बाई, तुमची पोरगी कवा बसते होडीत?" त्यांनी विचारलं. "का आधी आमचीच बुडवून पाहून राह्यल्या?"

हे निरीक्षण वहीत उतरलं नाही. बाईंना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

माघात हेडमास्तरांची चिठ्ठी आली : सोमवारी घंटेला शरयू हजर नसल्यास नाव पटावरून कमी, वर्ष वाया. त्याच शनिवारी सहावं वल्हं तयार झालं. पातं चार बोटं रुंद, दांडा दीडपट लांब. वेळ, सहा मिनिटं! बाईंनी अहवाल पूर्ण केला, कुलदैवताला नमस्कार केला आणि सोमवारी शरयूला मांडीवर घेऊन स्वतः होडीत बसल्या.

तलावाच्या ऐन मध्यावर, पात्याचं कार्य जवळून पाहावं म्हणून, शरयूला फळीवर बसवून त्या उभ्या राहिल्या. आणि पडल्या.

"बुडाले! अहो, शरयूला धरा! मी बुडाले!"

शरयू कोरडी ठणठणीत होती आणि टाळ्या पिटत होती. निवृत्तीनं वल्हं टेकवलं.

"बाई, उभ्या राहा ना."

बाई उभ्या राहिल्या. पाणी मांडीपर्यंत होतं. सहावं वल्हं शनिवारपासून तळाला टेकत होतं. त्याचं यश पात्यात नव्हतं, चिखलात होतं.

"मग आधी काऊन नाही सांगितलं?" बाईंच्या तोंडून पहिल्यांदाच वऱ्हाडी निघाली.

"तुमी पात्याचं पुसून राह्यल्या होत्या. पाण्याचं कोनं पुसलं? होडी तं मास्तरचं धोतर भिजू नये म्हून हाय."

पलीकडे शिपाई घंटेकडे निघाला होता. बाईंनी पदर खोचला, होडीचं टोक धरलं आणि ढकलत निघाल्या. वेळ, तीन मिनिटं. शरयूचं नाव पटावर राहिलं.

बाईंना हसू नये. त्यांचं पोर होतं, त्यांची बुद्धी भीतीनं गोठली होती. तुम्ही तर काठावर कोरडे बसला होता, होडीत तुमचं कुणी नव्हतं. तरी सहाही वल्ह्यांची मापं मन लावून वाचलीत आणि पाणी किती खोल आहे, हे एकदाही विचारलं नाहीत.