उदरेश्वरीचं चाळीस दिवसांचं व्रत

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. इंदुरात आजवर एकाचाही बसलेला नाही! पण मध्य भारत सरकारच्या एका साध्या कारकुनाने, म्हणजे मी, हातात फक्त एक पळी घेऊन चाळीस दिवसांत अख्ख्या गल्लीतल्या बायकांची पोटं ताळ्यावर आणली होती. डॉक्टर थक्क, शेजारी थक्क, आणि शास्त्रीबुवा तर असे थक्क, की त्यांची शेंडी दोन दिवस खाली बसली नाही!

हे लिहितोय तेव्हा आमची कुमुदिनी शेजारीच मेथी निवडत बसली आहे. तिचा चष्मा सापडत नाही, म्हणून लिहीन तसं मी तिला मोठ्यांदा वाचून दाखवतो. मान खाली घालून ऐकते. सत्याला साक्षीदार असलेला बरा.

त्या काळी आमचं खातं म्हणजे सर्कस होती. उन्हाळ्यात तंबू इंदुरात, थंडी पडली की ग्वाल्हेरला. फायली, टेबलं, शाईच्या दौती आणि साहेबांची पिकदाणी, सगळा संसार आगगाडीत! कुमुदिनीला मात्र हलता येत नसे. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. बाई अशी तल्लख, की तोंड फळ्याकडे असताना मागच्या बाकावर चिंच खाणारीचं नाव सांगायची, वर तिने किती बिया थुंकल्या तेही!

पण त्या वर्षी ती वाळून काडी झाली. पोट सदा फुगलेलं, घशाशी आंबट, केस डोक्यावर कमी आणि फणीत जास्त. महिन्याचं चक्र म्हणाल, तर रतलामच्या मालगाडीसारखं. येईल तेव्हा येईल, आणि आलं की हलायचं नाव नाही. वर्गात तिला दोनदा घेरी आली. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, "कुमुदिनीबाई, तिसऱ्यांदा असं झालं तर तुमचा वर्ग मला दुसरीकडे द्यावा लागेल."

त्या संध्याकाळी ती रडली नाही. खडूने बरबटलेली बोटं नुसती बघत बसली. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शालिनीबाई डॉक्टरांकडे. ठेंगणी बाई, पण आवाज फौजदाराचा! कुमुदिनीला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर पौंड!

"सकाळी काय खाता?"

"चहा."

"मग?"

"मग... पुन्हा चहा."

"जेवण?"

"ह्यांचं झालं की आवराआवर, मग शाळा. घरी आले की चारला जेवते. सकाळचं उरलेलं असतं ना."

"उपास किती?"

कुमुदिनी बोटांवर मोजू लागली. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन चतुर्थ्या, दोन एकादश्या, प्रदोष... बोटं संपली, उपास उरले!

डॉक्टरीणबाई कडाडल्या. "पोट दिवसभर रिकामं ठेवायचं, त्यात चहा ओतायचा आणि वर साबुदाणा आदळायचा! ते बिचारं करणार काय? बाईचं पोट बिघडलं की तिचं सगळंच वेळापत्रक बिघडतं. गोळ्या देणार नाही. चाळीस दिवस मी लिहिते तसं वागायचं."

आणि लिहिलं. उठल्यावर तासाभरात काहीतरी खायचं, चहा त्यानंतर. जेवण गरम. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाचे मूग, तिळाची चटणी, दुपारी वाटीभर ताजं ताक. संध्याकाळी जेवून दोन मैल चालायचं, दहाला दिवा बंद. उपास एकही नाही. आणि शेवटची ओळ अधोरेखित : घरात सर्वांच्या आधी जेवायचं.

"चाळीस दिवसांनी वजन वाढलेलं दिसलं नाही, तर शाळा बंद आणि इस्पितळात खाट. समजलं?"

बाहेर येताच कुमुदिनी म्हणाली, "बाकी सगळं जमेल हो. पण सगळ्यांच्या आधी जेवायचं? लोक काय म्हणतील?"

मी छाती फुगवली. "लोकांचं माझ्यावर सोड! तुला मी वाढीन!"

मार्गशीर्षाचा पहिला दिवस. थंडी अशी, की ताकाला स्वेटर घालावा! कुमुदिनी पाटावर बसलेली, पुढ्यात वाफाळती भाकरी, आणि मी कंबरेला पंचा बांधून पळीने पालकाची भाजी वाढतोय. इतक्यात चिंतामणराव आत आले. चिंतामणराव म्हणजे आमचे घरमालक, वरच्या मजल्यावर राहायचे. होळकर दरबारातून निवृत्त झालेले, पण पागोटं आणि हुकूम अजून नोकरीवर! रोज आमचं वर्तमानपत्र वाचायला खाली यायचे. ते उंबऱ्यातच थिजले.

"श्रीकृष्णराव! बायको जेवते आहे आणि तुम्ही वाढता आहात? घोर कलियुग!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "व्रत आहे!"

"कसलं व्रत?"

"उदरेश्वरीचं. चाळीस दिवसांचं."

"व्रतात बाई जेवते?"

"हेच तर कडक आहे चिंतामणराव! या व्रतात बाई उपाशी राहिली, की पाप नवऱ्याला लागतं. नवऱ्याला आणि..." मी जरा वर पाहिलं, "घरमालकाला."

चिंतामणराव वर्तमानपत्र न घेताच परत गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा!

आता आमच्या आणि शेजारच्या बेबीच्या घरात भिंत एकच, तीही कान असलेली. दुपारपर्यंत बेबी हजर. "कुमुदताई, व्रत घेतलंत आणि मला सांगितलं नाही? सामग्री काय लागते?"

कुमुदिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांची चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि शाळेत शिकवावं तसं शिकवलं. मूग रात्री भिजवायचे, सकाळी फडक्यात बांधायचे, मोड आले की देवी जागी झाली. रिकाम्या पोटी चहा म्हणजे देवीच्या अंगावर उकळतं पाणी. दहानंतर दिवा दिसला, तर देवी कोपते.

"आणि प्रदक्षिणा?" बेबीने विचारलं. "देऊळ कुठाय देवीचं?"

"ही देवी एका जागी बसत नाही," कुमुदिनी म्हणाली. "म्हणून आपणही बसायचं नाही. राजवाड्यापर्यंत जाऊन यायचं."

मी आ वासून ऐकत होतो. थापा मारण्यात माझा हात धरणारं इंदुरात कोणी नाही असं मला वाटायचं. माझ्याच घरात होती!

झालं! आठवड्याभरात व्रत सतरा घरांत शिरलं. डॉक्टरांचं ऐकून सुनेला कोण आधी जेवू देणार होतं? पण व्रताला नाही म्हणायची छाती कोणाची! सकाळी आठला गल्लीत सतरा नवरे हातात पळी घेऊन उभे. कोणी भाकरी करपवली, कोणी बोट. सराफ्यात गप्पा छाटून, चार मित्रांना जेवायला घेऊन घरी येणारे पुरुष रात्री दहा वाजता दारात उभे राहून बघत, तर घरात अंधार! मी रोज सकाळी साडेदहाला ऑफिसात पोचायचो तर अंगाला तिळाच्या चटणीचा असा वास, की साहेब फाइलवर सही करायच्या आधी भाकरी मागायचे.

आणि संध्याकाळची प्रदक्षिणा! पाच बायकांच्या पन्नास झाल्या, पन्नासाच्या पाचशे. राजवाडा पुरेना, म्हणून त्या गिरण्यांच्या बाजूला, परदेशीपुऱ्याकडे वळल्या. मिलची पाळी सुटलेली. कामगारांनी रस्ता भरून येणाऱ्या बायका पाहिल्या. एकाने टांगेवाल्याला विचारलं, "भिया, ये कौन-सी यूनियन है?"

"पता नी भिया," टांगेवाला म्हणाला, "पर मांग पूरी कर दो इनकी!"

मला मात्र वेगळंच दिसत होतं. कुमुदिनीचा हात पोटावरून सुटला होता. जिना चढताना ती मध्ये थांबत नव्हती. चुलीशी गुणगुणायला लागली होती. मालगाडीही वेळापत्रकावर येत होती म्हणे, हे ती बेबीला सांगत होती. आमच्या भिंतीला कान, ते दोन्ही बाजूंना!

तिसाव्या दिवशी विघ्न आलं. चिंतामणरावांना शंका आली, की ज्या व्रतात पुरुषाला काहीच मिळत नाही, ते व्रत शास्त्रात असेलच कसं? ते थेट बाळकृष्णशास्त्र्यांना घेऊन आले. मागे गल्लीतले सोळा नवरे, खिडकीत सतरा बायका. शास्त्रीबुवांनी नाही म्हटलं की संपलं! दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चारला जेवण, पुन्हा साबुदाणा. आणि डॉक्टरांच्या काट्याला अजून दहा दिवस होते!

"हे उदरेश्वरीचं व्रत," शास्त्रीबुवा म्हणाले, "कोणत्या पुराणात आहे?"

मी पंचाने पळी पुसायला घेतली. कुमुदिनी उठली. देव्हाऱ्यातून चिठ्ठी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"ही पोथी. बाकी काही नाही शास्त्रीबुवा. खोटं बोलायचं असतं तर एखाद्या पुराणाचं नाव सांगितलं असतं."

शास्त्रीबुवांनी चिठ्ठी सरळ धरली, उलटी धरली. कुंकवाखाली डॉक्टरांचं अक्षर, ते काय लागणार! चिंतामणराव म्हणाले, "बघा! मी म्हणत नव्हतो?"

तेवढ्यात शास्त्रीबुवांची नजर खिडकीत गेली. तिथे त्यांची प्रेमलताबाई उभी होती. तीस वर्षं तिच्या छातीत जळजळ, आणि तिच्यापायी घरात जाळपोळ. महिन्याभरात तिने घरात आवाज चढवला नव्हता. उलट काल म्हणे शास्त्रीबुवांच्या विनोदाला हसली होती.

शास्त्रीबुवांनी चिठ्ठी कपाळाला लावली.

"पोथी फार प्राचीन आहे," ते म्हणाले. "अर्थ लावायला दहा दिवस तरी लागतील. तोवर व्रत मोडलं, तर मी जबाबदार नाही. चिंतामणराव, तुमची मंडळी आज जेवली का?"

खिडकीत असा हशा पिकला, की वरच्या मजल्यावरचं पागोटं खुंटीवरून पडलं!

एकेचाळिसाव्या दिवशी कुमुदिनी डॉक्टरांच्या काट्यावर चढली. काटा हलला, थरथरला आणि एकोणनव्वदावर थांबला. अकरा पौंड! शाळेतला वर्ग वाचला. पुढची अठ्ठावीस वर्षं ती त्याच फळ्यापुढे उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून विचारलं, "हे केलं कोणी?" मी नम्रपणे पळी पुढे...

"सात," शेजारून आवाज आला.

मी वाचता वाचता थांबलो. "काय सात?"

"पौंड. अकरा नाही, सात." मेथीची जुडी खाली ठेवली गेली. "आणि पळी कोणाच्या हातात होती म्हणालात?"

"माझ्या! मार्गशीर्षात सकाळी आठला, पंचा बांधून..."

"अहो, मार्गशीर्षात तुमचं खातं कुठे असायचं?"

"कुठे म्हणजे... थंडीत..."

"ग्वाल्हेरला! तुमच्या पिकदाणीवाल्या साहेबांसकट! चिंतामणरावांना व्रत सांगितलं मी, पळी धरली मी, पाटावर बसले ती पण मीच. चाळीस दिवसांत तुमचं फक्त एक पत्र आलं होतं, ते अजून ठेवलंय मी. चष्म्याशिवायही पाठ आहे मला. 'येथील पोह्यांत मजा नाही, लाडू लवकर धाड!'"