रसूलचाचांची राळ

आमच्या वाशी गावात रसूलचाचा सुतार कुणाच्या घरी गेले, की माणसांच्या आधी खाटा-खुर्च्यांची विचारपूस करत. यजमान ‘या, बसा’ म्हणेपर्यंत हे गुडघे टेकून खुर्चीखाली वाकलेले. लाकडातली गाठ निसटून पडलेलं भोक दिसलं, की म्हणायचे, “मालक, आरपार कारभार हाय हा!” मग पिशवीतून राळेची डबी निघे, चूल मागितली जाई आणि मधासारखी वितळलेली राळ भोकात उतरे.

बाकीचे सुतार भुसा आणि सरस भरून मोकळे होत. चाचांना ते नामंजूर. “भुशानं आतलं दिसत न्हाय. राळ चारदा गाळली की काचेवानी होती.” एकदा कचेरीत दाखला आणायला गेले, तर टेबलाला भोक आहे म्हणून साहेबालाच खुर्चीवरून उठवलं. टेबल दुरुस्त करून परतले. दाखला राहिला तिथंच.

माझ्या मुलीच्या बारशाला सासऱ्यांनी ईट गावाहून जुना सागवानी पाळणा पाठवला. बायका जमल्या. बायको बाळाला घेऊन पुढं झाली, तेवढ्यात दारातून चाचा ओरडले, “ठैरा! पोरीला निजवू नका अजून!”

“अवो, आज तरी गप बसा की!” माझी आई करवादली.

चाचांनी ऐकलं नाही. पाळण्याच्या उशाशी बोटभर भोक होतं. त्यांनी आत तार सारली, आणि नांगी उगारून काळा विंचू बाहेर पडला.

मी तो चपलेनं ठेचला. बाळ बायकोच्या खांद्यावर निवांत जांभई देत होतं. ते बघून आम्ही सगळेच एकदम हसत सुटलो.

चाचा हसले नाहीत. चुलीवर राळ वितळवत, आमच्याकडं न बघता म्हणाले, “माझी जुबेदा अशीच गेली. सहा म्हैन्यांची व्हती. पाळणा म्याच केला व्हता.”

ते वाशीत येण्याआधीची ही गोष्ट. गावात कुणालाच ठाऊक नव्हती.

त्यांनी राळ ओतली. “घट्ट होऊ द्या, मग निजवा,” म्हणाले. बायकोनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. चाचा ताठ बसून राहिले, श्वाससुद्धा जपून घेत.

थोड्या वेळानं आईनं राळेला बोट लावून पाहिलं. ती केव्हाच दगड झाली होती.

“अजून मऊच हाय,” आई बायकांना म्हणाली. “बसू द्या त्यास्नी.”