राखेला भिणारे रंगनाथआप्पा

आमच्या शेजारचे रंगनाथआप्पा दाढी करून घेतात ती दोन्ही गालांवर पाळीपाळीनं. वस्तऱ्याचा एक हात डाव्या गालावर, की लगेच दुसरा उजव्यावर. न्हावी वैतागतो. "आप्पा, एक बाजू तरी पुरी होऊ द्या की!" पण तसं केलं की आप्पा खुर्चीतून उठायला लागतात. का, तर मध्येच आभाळातून काही कोसळलं, सगळं गाव गाडलं गेलं आणि दोन हजार वर्षांनी कुणी खोदायला आलं, तर आप्पा अर्ध्या दाढीचे सापडू नयेत.

"लोक म्हंतील, ह्या मुलखात समदे आसेच फिरत व्हते!"

हसा, हसा. मीही हसायचे. आता कमी हसते.

मी शालन. पाली गावाच्या पुढं, धरणाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आहे, तिथं माझी पिठाची गिरणी आहे. आप्पांची आणि माझी भिंतीला भिंत. या माणसानं चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. जमिनीखाली काय काय निघतं ते त्यांना तोंडपाठ: खापरं, बांगडीचे तुकडे, फुटकं जातं. एकदा केजकडच्या एका विहिरीत पाच-सहा हातांवर मातीचा एवढासा बैल निघाला. आप्पांनी त्या दिवशीचं काम बंद ठेवलं. कुणाच्या तरी लेकराचा असणार म्हणून. विहिरीचा मालक तर बघतच राहिला.

हातपाय थकले तसं काम सुटलं. मग भाच्यानं जुना मोबाईल दिला आणि तिथंच घोटाळा झाला. मोबाईलमध्ये आप्पांना पॉम्पे सापडलं. इटलीतलं, रोमन लोकांचं शहर. शेजारचा डोंगर फुटला आणि माणसं, कुत्री, भाकरीतुकडा, सगळं होतं तसं राखेखाली गेलं. ते अजून खोदतायत आणि अजून काही ना काही निघतंय. आप्पा रोज सकाळी ते बघणार आणि चहाच्या वेळेला येऊन मला सांगणार.

"शालनबाई, खानावळ निगाली बघा! वट्याला गोल भोकं, त्यात रांजन, आन रांजनात बदकाचं आन बकऱ्याचं कालवन! आपल्या नेकनूरच्या ष्ट्यांडावरलं हाटेल आन ते, काई फरक न्हाई."

"तुम्ही जाऊन जेवून आल्यासारखं सांगताय की."

"आवो, आपल्या तेरहून माल जायचा तिकडं. गिऱ्हाईक व्हते ते आपले!"

तेर गावात खोदताना तशी जुनी रोमन भांडी निघाली आहेत, हे खरं. पण आप्पा बोलतात असं, की मालाची गाडी त्यांनी स्वतः हाकली होती.

भिंतींचं तर विचारूच नका. त्या रोमन लोकांनी भिंतीवर काहीबाही लिहून ठेवलंय, शिव्यासुद्धा, आणि आता शहाणीसुरती माणसं चष्मे लावून ते वाचतात, हे आप्पांना कळलं. त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं सरपंचाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. भल्या सकाळी आप्पा बादली आणि काथ्या घेऊन भिंत घासताना दिसले. सरपंचाला वाटलं, आप्पा आपल्या पार्टीत आले. त्यानं शाल पाठवली. ती आप्पांनी परत पाठवली.

पुढं पुढं मात्र त्यांच्या गोष्टी मला नको व्हायला लागल्या. एक दिवस दळण घ्यायला आले आणि दारातच थबकले.

"ही खिडकी कावून बंद हाय?"

"पीठ उडतं, आप्पा."

"उघडा. आधी उघडा!" त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. तिकडं म्हणे एक गिरणी निघालीय. लहानशी खोली, खिडक्यांना लोखंडी गज, बाहेर बघायला वाट नाही. आत माणसं आणि डोळे बांधलेली गाढवं दिवसभर दळत फिरायची. फिरून फिरून फरशीला खळगे पडलेत. "बाहेर सूर्य हाय का न्हाई, तेबी कळत नसंल त्यास्नी," आप्पा म्हणाले आणि दळण तिथंच विसरून निघून गेले.

मी तोंडानं "काय बाई माणूस आहे" म्हटलं. पण त्या दिवसापासून खिडकी उघडी असते. सगळी गल्ली पांढरी होते आणि बाया शिव्या घालतात, तरी मी ती लावत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट पलंगाची. एका घरात चार माणसं सापडली, त्यात एक लेकरू. राख आत येऊ नये म्हणून त्यांनी पलंग उचलून दाराला लावला होता. राखेत पलंगाची खूण तिथंच, दाराशी, आणि माणसं आत. हे सांगताना आप्पांनी कप खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही.

"आत बसायचं न्हाई, शालनबाई. आत बसले त्येच मेले. पळायचं."

"आपल्याकडं कुठला डोंगर फुटतोय, आप्पा?"

"डोंगर न्हाई." त्यांनी मान वर करून धरणाच्या भिंतीकडं बघितलं. "पानी हाय की."

 लग्न होऊन इथं आले तेव्हापासून ती भिंत मी रोज बघत होते. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा उंच वाटली.

आता पळायचं म्हटलं, तर आप्पांच्या घरात न पळणारं एक माणूस होतं. त्यांची सासू, आम्ही सगळे तिला मामी म्हणतो. बायको वारली, मूलबाळ नाही. सासूलाही दुसरं कुणी नव्हतं, म्हणून लेकीच्या माघारी ती जावयाच्या दारात राहिली आणि त्याची तिला लाज वाटायची. आमच्याकडं जुन्या चालीत सासू जावयासमोर येत नाही, बोलत नाही. ही तर बारा-तेरा वर्षं एका छपराखाली राहून आतल्या खोलीतून शेळीशी बोलायची. "सांग गं बाई, भाकरी झाली म्हनावं." मग आप्पा शेळीला सांगणार, "म्हनावं, आलोच." शेळी दोघांकडंही लक्ष द्यायची नाही. मागल्या साली मामी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिला उठवायचं, न्हाऊ घालायचं ते मी आणि पलीकडची कौसाबाई करायचो. जावयाचा हात तिला लागलेला चालायचा नाही.

आणि मग तो पाऊस आला. पाच दिवस थांबायचं नाव नाही. नदी घाटाच्या पायऱ्यांना लागली. सांडव्याचा आवाज गिरणीच्या आवाजावर चढायला लागला. आप्पा दर तासाला जाऊन पाणी बघून येत आणि दारात बसत. 

सहाव्या दिवशी दुपारी मोबाईलवर बातमी फिरली: भिंतीला चीर पडली, निघा! बघता बघता वस्ती रिकामी झाली. ट्रॅक्टर भरून टेकडावरच्या शाळेकडं गेला, कौसाबाई त्यातच. मी गिरणीला कुलूप लावून पळणार, तेवढ्यात आप्पांच्या घरातून मामीचा आवाज आला.

"शालन, जावयाला सांग, तुमी जा. म्या न्हाई येत."

मी आत गेले. मामी बाजेवर, तोंड भिंतीकडं. आप्पा उंबऱ्याबाहेर पावसात उभे.  मी एकटीनं मामीला उचलायला गेले, पण मला ती हलेनासुद्धा.

"मामी, आप्पांच्या पाठीवर बसा. जीव वाचवायचाय!"

"जावयाच्या पाठीवर? माजी लेक काय म्हनंल वरून?"

"लेक म्हणेल, आई येडी झाली!" मी ओरडलेच. कान सगळे बाहेर. प्रत्येक गडगडाटाला वाटे, आलं, आता आलं.

तेवढ्यात आप्पा उंबऱ्यावर बसले. नजर खाली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते थेट तिच्याशी बोलले.

"मामी, आयका. त्या शहरात येक मोठं मानूस सापडलं. मांडीवर ल्येकरू, हातात सोन्याचं कडं. समदे म्हनायचे, माय-ल्येकरू हाय. आता हाडं तपासली, तर त्यो गडी निगाला. आन त्या पोराचं त्याचं रगताचं नातंच न्हाई."

मामीचं तोंड भिंतीकडंच होतं. पण पुढचं ती शेळीला नाही बोलली.

"मग कावून धरलं त्यानं त्येला?"

"भ्यालं आसंल."

"पोर?"

"न्हाई मामी. त्यो गडी." आप्पांचा आवाज फुटला. "मी लई भ्यालोय. तुमी ऱ्हायल्या तर मीबी जात न्हाई. येकट्यानं मी कुटं जाऊ?"

मला आठवतं, तेवढा वेळ मी पाण्याचा आवाज विसरले होते. मामीनं हळूच तोंड इकडं केलं. जावयाकडं बघितलं, चांगलं निरखून बघितलं.

"या," ती म्हणाली. "उचला."

टेकडाच्या वाटेवर आप्पा चिखलात दोनदा घसरले, पण तिला पडू दिलं नाही. मी मागून ढकलत होते आणि रडतही होते, भीतीनं की कशानं, देव जाणे.

शाळेत पोहोचल्यावर तासाभरानं खबर आली. चीर नाही, बीर नाही, कुणीतरी भलत्याच धरणाचा फोटो पाठवला होता. लोकांनी पाठवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या आणि हसत हसत घरची वाट धरली. मी आप्पांना हाक मारायला कोपऱ्यातल्या वर्गात गेले.

आप्पा भिंतीला टेकून बसलेले. मामी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली.

"चला आप्पा, काही झालं नाही."

"हळू बोला," ते कुजबुजले. "माजा पाय पार मेलाय. पर आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. उठवू नका."

मी वाकून बघितलं. मामीनं एक डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा मिटून घेतला.

मी दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.