चौथा ऐच्छिक विषय

आकांक्षा खिल्लारेच्या अकरावीच्या फॉर्ममध्ये ऐच्छिक विषयांचे चार चौकोन होते. इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र भरून झालं होतं. चौथा चौकोन गेले तीन दिवस कोरा होता आणि पुसेगावच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सगळे जण त्याच्याकडे बघत जेवत होते.

तसा प्रश्न काहीच नव्हता. आकांक्षाला वकील व्हायचं होतं. दहावीत तिला मराठीत एक्याण्णव आणि गणितात अडतीस मार्क पडले होते. वकिली तिनं निवडली त्यात न्यायाची ओढ होतीच, पण वकिलाला आयुष्यभर 'एक्स'ची किंमत काढावी लागत नाही हेही एक कारण होतं.

"एक्स सापडत नसंल तर वकील त्याला नोटीस पाठवतो," ती आईला समजावून सांगायची. "किंमत काढत न्हाई बसत."

"मंग भूगोल लिही अन् मोकळी हो," पद्माबाई म्हणाली. ती गावच्या अंगणवाडीत सेविका होती. तीस लेकरं सांभाळून आल्यावर एका चौकोनाचं तिला फार कौतुक उरलेलं नसायचं.

पण आकांक्षाचा बाप मुंजाजी तसा सहजासहजी मोकळा होणारा माणूस नव्हता. तो तलाठी कार्यालयात कोतवाल होता. दुसऱ्यांच्या घरी नोटिसा पोचवण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती आणि चुकीच्या जागी सही केल्यानं माणसाचं काय होतं, हे त्यानं जवळून पाहिलं होतं. "कायद्याच्या शिक्षणाला गणित लागतं का न्हाई, हे आधी वकिलालाच इचारू," असं म्हणत तो फॉर्म पिशवीत घालून हिंगोलीला गेला.

कोर्टाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली तातेराव वकिलांचं टेबल होतं. त्यांनी फॉर्म वाचला, उलटा केला, मागची कोरी बाजूही वाचली.

"जयभीम साहेब. पोरीला वकील करायचंय. गणित लागतं का?"

"एका अर्थी लागत नाही," तातेराव म्हणाले.

मुंजाजीचा जीव भांड्यात पडला. तो बाकड्यावर टेकला.

"एका अर्थी लागतं."

मुंजाजी पुन्हा उभा राहिला.

"बघा मुंजाजी, बारावीला कोणतेही विषय असू द्या, लॉच्या प्रवेश परीक्षेला बसता येतं. पण त्या परीक्षेत थोडं गणित असतं. दहावीच्या लेव्हलचं. आता पुढं समजा वाटणीचा दावा आला. चार भाऊ, दोन बहिणी, त्यातला एक भाऊ मयत, त्याला तीन लेकरं. मयताच्या एका लेकराचा हिस्सा किती?"

मुंजाजीनं विचार केला. "भांडण किती मोठं हाय त्याच्यावर हाय."

"हे तुम्ही अनुभवानं बोलले. पण कोर्टाला आकडा लागतो. अठरावा हिस्सा!"

अठरावा हिस्सा ऐकून मुंजाजी घाबरला. त्यानं तिथंच पेन्सिलीनं चौथ्या चौकोनात 'गणित' लिहिलं. घरी आल्यावर आकांक्षानं ते खोडून 'भूगोल' लिहिलं. मुंजाजीला अठरावा हिस्सा आठवला, त्यानं पुन्हा 'गणित' केलं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका म्हणाल्या की शेताच्या बांधाचे खटले लढायचे तर नकाशा वाचता आला पाहिजे, म्हणून पद्माबाईनं स्वतः खोडरबर घेतलं. तिनं ते अंगणवाडीतली पाटी पुसल्यासारखं जोर लावून चालवलं आणि चौथ्या चौकोनाला आरपार भोक पडलं.

प्रवेशाचा दिवस सोमवार, सात जुलै. आकांक्षाला ताप होता, म्हणून मुंजाजी एकटाच कागदपत्रं घेऊन हिंगोलीच्या कॉलेजात गेला. खिडकीत हिरासिंग नावाचे कारकून बसले होते. त्यांनी फॉर्म उजेडाकडं धरला, तर भोकातून त्यांना मुंजाजीचा डोळा दिसला.

"ये कौनसा सब्जेक्ट है, काका?"

"तिथंच तर तकलीफ हाय साहेब. गणित का भूगोल, ठरंना झालंय."

"पीछे चाळीस लोक उभे आहेत. जल्दी बोला."

मुंजाजीनं घरी फोन लावला. आकांक्षा तापात झोपली होती, पद्माबाईचा फोन लागेना. मागचे चाळीस जण पुढं सरकायला लागले. तेवढ्यात मुंजाजीला तातेरावांचा शब्द आठवला.

"साहेब, गणितात लेव्हल असत्यात ना? त्यातलं लहान लेव्हलचं द्या. दहावीवालं."

"दो तरह का है. एक वाणिज्यचं, एक कला आणि विज्ञानचं. कौनसा लिखू?"

मुंजाजीच्या डोक्यात एकदम उजेड पडला. वाणिज्य म्हणजे व्यापाऱ्यांचं, ते अवघड असणार. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांचा हिशेब त्याला कधीच कळला नव्हता. आणि कलेचं गणित म्हणजे काय, तर नक्षी, रांगोळी, फार तर दोन गोल आणि एक त्रिकोण.

"कलेचं द्या. पोरगी कलेतच हाय."

हिरासिंगांनी भोकावर चिकटपट्टी लावली आणि निळ्या शाईनं लिहून टाकलं. आता ते खोडता येण्यासारखं नव्हतं. मुंजाजी परतीच्या एस.टी.त समाधानानं झोपला.

कलेचं गणित म्हणजे काय, ते आकांक्षाला पहिल्या तासाला कळलं. वर्गात ऐंशी पोरं होती आणि ऐंशीच्या ऐंशी विज्ञान शाखेची, पुढं इंजिनियर होणारी. कला शाखेतून गणित घेणारी ती एकटीच. सत्यशीला मॅडमनी हजेरी घेताना तिचं नाव दोनदा वाचलं.

"कला शाखा? आणि गणित? स्वतःहून घेतलंस?"

"बाबांनी घेतलं, मॅडम."

"बाबा काय करतात?"

"नोटिसा वाटतात."

तिसऱ्या तासाला मॅडमनी फळ्यावर काल्पनिक संख्या लिहिल्या. ज्या संख्या मोजता येत नाहीत, त्यांची वर्गात रीतसर बेरीज चालली होती. आकांक्षाला हा सरळसरळ खोटा पुरावा वाटला. शेजारच्या पोरीला तिनं विचारलं, "हे असं करून राहिले, तर कोणी हरकत काहून घेत न्हाई?" त्या पोरीनं वही जरा लांब सरकवली.

घरी येऊन ती रडली. मुंजाजी खाटेवर मान खाली घालून बसला.

"मला वाटलं रांगोळी असंल," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"रडून काय व्हणार?" पद्माबाई म्हणाली. "वकील व्हायचंय ना तुला? मंग अर्ज लिही."

आकांक्षानं डोळे पुसले. कॉलेजच्या माहितीपुस्तकात तिला नियम सापडला. प्रवेशाच्या दिवसापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत, योग्य कारण दिल्यास, विषय बदलून मिळेल. तिनं तीन पानी अर्ज लिहिला आणि शनिवारी, सव्वीस जुलैला, बापाला घेऊन खिडकीपाशी उभी राहिली.

"मुदत संपली, बेटी," हिरासिंग म्हणाले. "सात तारखेचं अ‍ॅडमिशन. आज सव्वीस. उन्नीस दिन हो गये."

"कामकाजाचे दिवस म्हणलंय, सर. मला उपप्राचार्यांना भेटायचंय."

उपप्राचार्यांच्या खोलीत टेबलामागं सत्यशीला मॅडमच बसल्या होत्या. तो कारभारही त्यांच्याकडंच होता. मुंजाजीनं ते बघून घाम पुसला. ज्यांचा विषय सोडायचा, त्यांच्याकडंच परवानगी मागायची होती.

आकांक्षा मात्र थांबली नाही. "मॅडम, प्रवेशाचा दिवस धरायचा न्हाई. आठ ते सव्वीस, एकोणीस दिवस. त्यात तेरा आणि वीस तारखेचे दोन रविवार गेले, राहिले सतरा. कयाधू नदीला पूर आला तेव्हा कॉलेज दोन दिवस बंद होतं, ते गेले. राहिले पंधरा. म्हंजे आज शेवटचा दिवस हाय आणि माझा अर्ज मुदतीत हाय."

दारात उभे असलेले हिरासिंग बोटं मोजत होते. "बराबर है, मॅडम," ते हळूच म्हणाले.

मुंजाजीचा ऊर भरून आला. लेक त्याच्या डोळ्यांदेखत खटला जिंकत होती.

मॅडमनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढला.

"कारण काय लिहिलंयस, वाच बघू."

आकांक्षानं वाचलं. "अर्जदारास साधा हिशेबही करता येत नसल्याने..." तिचा आवाज बारीक झाला.

"मग मी काय करू, तूच सांग," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुझा हिशेब बरोबर असेल तर हे कारण खोटं आहे. आणि कारण खरं असेल, तर तुझ्या हिशेबावर मुदत कशी मान्य करू?"

आकांक्षानं अर्जाकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं, वर पंख्याकडंही बघितलं. दोन्ही बाजूंनी वाट बंद होती आणि दोन्ही बाजू तिच्याच होत्या.

"आता काय म्हनायचं गं?" मुंजाजी कुजबुजला.

बावीस वर्षं बापाकडून कोर्टाच्या गोष्टी घरात येत होत्या. त्यातली एक तिला ऐन वेळी सुचली. तिनं घसा साफ केला.

"मॅडम, बाजू मांडायला पुढची तारीख मिळावी."

मॅडमनी तिच्याकडं क्षणभर रोखून बघितलं. मग कॅलेंडर बघितलं आणि अर्जाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. "ठीक आहे. सोमवारी ये. वर्गाच्या आधी."

बाहेर आल्यावर मुंजाजीला आनंद आवरेना. "तारीख भेटली! वकिलासारखीच बोललीस लेकरा. आमच्या सायबालाबी अशी झटक्यात तारीख भेटत न्हाई."

आकांक्षा मात्र जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबली होती. शनिवार पंधरावा, मुदतीचा शेवटचा. रविवार धरायचा नाही. सोमवार...

तिनं पुन्हा मोजलं. मग बोटं सोडून, वहीत मांडून तिसऱ्यांदा मोजलं.

हिशेब अगदी बरोबर होता. सोळावा.