मगदूमआण्णांचे राणीछाप रुपये

मगदूमआण्णांच्या घरी गेलं की चपला दाराबाहेर काढायच्या आणि मोजे हातात घालायचे. मोजे पायातलेच. हातमोजे महाग पडतात म्हणून आण्णांनी शाळेच्या गणवेशाचे पांढरे पायमोजे आणून ठेवले होते. ते चढवल्याशिवाय चांदीच्या नाण्यांना बोट लावायची सोय नव्हती. एकदा त्याच हातांनी मी चहाची बशी धरायला गेलो आणि फोडली. आण्णा शांतपणे म्हणाले, "फुटू दे. बशा बाजारात ढीगभर हायत."

हा नाद निवृत्तीनंतरचा. सारी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेली, त्यामुळे घरी बसल्यावर हा माणूस दिसेल ते तोलायला लागला. भाजीवाली आमच्या गल्लीतून यायचीच बंद झाली. शेवटी काकू म्हणाल्या, "अवो, काहीतरी छंद तरी लावून घ्या." दुसऱ्याच दिवशी आण्णा गुजरीतल्या सराफ बाजारात गेले, सराफासमोर एक जुना राणीछाप रुपया फरशीवर आपटला, डोळे मिटून त्याचा आवाज ऐकला आणि घेऊन आले. तेव्हापासून जे सुरू झालं ते काही विचारू नका. कळंब्याला एका पाहुण्याकडे सांत्वनाला गेले, तर त्यांच्या देवघरातला रुपया बघून "कुठल्या सालचा हो?" असं विचारून आले.

मग पुण्याहून टपालाने एक माहितीपुस्तिका आली. तिच्यातला पहिला नियम आण्णांनी तांबड्या ऑइलपेंटने कपाटावर लिहिला : 'नाणे घासू नये.' चांदीवर चढलेला काळपटपणा घासून काढला की जाणकारांच्या लेखी त्या नाण्याची किंमत संपली. "काळं न्हवं पावणं, वय हाय त्ये!" बारा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, तरी मी त्यांचा पावणंच.

"मग मलापण घासू नका म्हणून आंघोळीच्या वेळी घरात सांगतो," मी म्हणालो. आण्णा हसले नाहीत. नाण्यांच्या बाबतीत ते कधीच हसत नसत.

घरोघरी नुकती केबल आली होती त्या सुमारास गावात नाण्यांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. आण्णांनी चार महिने संयोजकांचे उंबरे झिजवून एक टेबल मिळवलं. पुण्याचे एक मोठे जाणकार येणार होते. "त्येंनी नुसतं 'वा' म्हटलं की झालं," आण्णा म्हणायचे. "जन्मभर ट्रकच तोलले. एकदा कुणीतरी मला नाण्यातला माणूस म्हणू दे की."

आदल्या दिवशी आम्ही दोघं टेबलावर अंथरायला निळं मखमल आणायला गेलो. परत आलो तर काकू सोप्यात बसलेल्या. पुढ्यात टॉवेल आणि टॉवेलावर त्रेसष्ट रुपये, आरशासारखे लखलखीत. शेजारी चिंचेचा कोळ आणि रांगोळीची वाटी.

आण्णांच्या हातातलं मखमल खाली पडलं. मी कपाटाकडे बघितलं, मग आण्णांकडे बघायचं धाडस केलं नाही.

"तीन तास लागलं," काकू कौतुकाने म्हणाल्या. "एवढी माणसं बघणार, काळी मांडली तर म्हणतील, घरात बाईमाणूस हाय का न्हाय? माझी बोटं दुखत्यात म्हणून तुम्ही घासू नको घासू नको म्हणता. कपाटावर लिवून बी ठेवलंय. मला काय कळत न्हाय व्हय?"

भाजीवालीला पळवून लावणारा तो माणूस पडलेलं मखमल ओलांडून पुढे आला. मग खाली बसला, एक रुपया उचलला, मोजे न घालता, आणि म्हणाला, "झ्याक झालंय गं."

दुसऱ्या दिवशी पुण्याचे जाणकार टेबलापाशी आले. भिंग लावलं आणि दाढ दुखल्यासारखं तोंड केलं. "ही कुणी घासली?"

नवं लुगडं नेसलेल्या काकू पदर सावरत हौसेने पुढे झाल्या. तेवढ्यात आण्णा सगळा हॉल वळून बघेल एवढ्या जोरात ओरडले, "मी! मी घासली! तू जा गं, सायबांस्नी चहा सांग जा."

काकू गेल्या. जाणकारांनी आण्णांना पंधरा मिनिटं नाण्यांविषयी शिकवलं. त्यात 'अडाणीपणा' हा शब्द तीनदा आला. आण्णा मान खाली घालून प्रत्येक वेळी "व्हय साहेब" म्हणत होते.

परत येताना रिक्षात काकू कडाडल्या, "कष्ट माझं आणि नाव तुमचं? चारचौघांत खोटं बोलाय लाज न्हाय वाटली?"

"चुकलं," आण्णा म्हणाले.

चार दिवस काकूंनी अबोला धरला. आण्णा स्वतःच ताट वाढून घेत होते. मला राहवेना. म्हटलं, "आण्णा, मी सांगतो काकूंना खरं काय ते."

त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "पाया पडतो पावणं, न्हाई सांगायचं. आता नुसती रागावलीया, बोलंल की दोन दिवसांत. खरं कळलं तर जन्मभर मनाला लावून घील."